ताप उतरला, तरी गोळ्या २८ दिवस कशाला?

कुत्रा दोन दिवस तापाने फणफणतो, दवाखान्यात इंजेक्शन होते, तिसऱ्या दिवशी तो भाकरी खाऊ लागतो, आणि तरीही डॉक्टर चार आठवडे गोळ्या चालू ठेवायला सांगतात. पिल्लाला एक लस दिलेली असते, तरी तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. गोचीड कुत्र्याच्या अंगावर असते आणि फवारा मात्र भिंतीवर मारायला सांगतात. अशा सूचना ऐकून घरी गेलेल्या मंडळींपैकी कितीतरी जण आठवड्याभरात गोळ्या बंद करतात आणि लसीची तारीख विसरतात. त्यात हलगर्जीपणाच असतो असे नाही. दवाखान्यात गर्दी असते, आम्ही डॉक्टर मंडळी सूचना देऊन मोकळे होतो, कारण सांगायला वेळ उरत नाही, आणि कारण कळले नाही की हा सगळा दवाखान्याचा धंदा आहे असे वाटणे साहजिक आहे. म्हणून मराठवाड्यात कुत्री-मांजरे ज्या नेहमीच्या दुखण्यांसाठी दवाखान्यात येतात, त्यांच्यामागची कारणे येथे जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात गोचीड तापापासून करावी लागेल. गोठ्यात बैलाच्या अंगावर दिसणारी फुगीर गोचीड आणि कुत्र्याच्या कानात सापडणारी तपकिरी गोचीड एकच, असे खेड्यात बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांच्या सवयीही वेगळ्या आहेत. गुरांची गोचीड लहानाची मोठी होईपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर मुक्काम करते. कुत्र्याची गोचीड मात्र आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी पोट भरले की खाली उतरते. दोनदा कात टाकण्यासाठी आणि तिसऱ्यांदा, मादी असेल तर, अंडी घालण्यासाठी. उतरल्यावर ती अंगणभर हिंडत नाही, भिंतीच्या आधाराने एखादी फट गाठते. दाराची चौकट, फरशीचे सांधे, पत्र्याखालचे लाकडी वासे, बाजेच्या सुतळीचे पीळ, कोपऱ्यात रचलेली रिकामी पोती या तिच्या आवडत्या जागा असतात. एक मादी अशा ठिकाणी काही हजार अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावरून वेचून काढलेल्या गोचिडी हा घरातल्या एकूण गोचिडींचा अगदी थोडा भाग असतो, आणि फक्त कुत्र्याला औषध लावले तर काही दिवसांत भिंतीतली पुढची फळी त्याच्या अंगावर चढते. फवारा भिंतीवर मारायचा तो यासाठी, आणि अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नसल्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मारायचा. फवारणीच्या वेळी कुत्रे, मांजर, लहान मुले आणि पाण्याची भांडी बाहेर काढावीत आणि जागा पूर्ण वाळल्याशिवाय कुणाला आत घेऊ नये.

महिन्याला एक चघळायची गोळी मिळते, ती चांगली आहे. पण ती दिल्यावरही अंगावर गोचीड दिसली म्हणून औषध बनावट ठरवू नये. त्या गोळीचे औषध कुत्र्याच्या रक्तात असते, त्यामुळे गोचीड चावल्यावरच मरते. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर मात्र ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक आहे. हाताने गोचीड काढायची झाल्यास चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. बोटांनी चिरडणे, रॉकेल लावणे, काडी पेटवून चटका देणे हे प्रकार टाळावेत. शोधायचे कुठे, हेही सांगायला हवे, कारण पाठीवर हात फिरवून घरची मंडळी निर्धास्त होतात. कानाच्या पाळीची घडी, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, काखा आणि शेपटीचे मूळ या जागा केस उलटे सारून पाहाव्यात. बोटांच्या बेचक्यातली छोटी गोचीड तिळाएवढी असते आणि पंजा पसरल्याशिवाय दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गोचीड चावल्याने जे आजार होतात, त्यांतला आपल्याकडे वारंवार आढळणारा एक म्हणजे एर्लिकिया. हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत शिरून राहतो. पहिल्या दोन-चार आठवड्यांत ताप येतो, भूक मंदावते, गाठी सुजतात, आणि रक्त गोठवण्याचे काम करणाऱ्या प्लेटलेट घटतात. मग पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके दिसतात किंवा नाकातून रक्त येते. मराठवाड्यातला उन्हाळा असा असतो, की माणसाचा घोळणा फुटणे कुणाला नवे वाटत नाही, आणि त्याच सवयीने कुत्र्याच्या नाकातून रक्त आले तरी ऊन लागले असे समजून डोक्यावर पाणी थापले जाते. कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब चुकीचा आहे. त्याच्या नाकातून रक्त आले की ऋतू कोणताही असो, त्याच दिवशी प्लेटलेट तपासाव्यात.

यानंतरचा टप्पा फसवा आहे. औषध न देताही अनेक कुत्र्यांचा पहिला ताप आपोआप उतरतो आणि कुत्रे हिंडू-फिरू लागते. जंतू मात्र प्लीहेसारख्या अवयवांत दडून राहतो, कधी काही महिने, कधी काही वर्षे. त्यातली काही कुत्री पुढे अशा अवस्थेला पोहोचतात, की हाडांतला मगज नव्या रक्तपेशी बनवणेच थांबवतो, आणि तेव्हा आमच्या हातात फारसे काही उरत नाही. डॉक्सीसायक्लिन हे औषध जंतूची वाढ रोखते. त्याला झटक्यात मारत नाही. ताप एक-दोन दिवसांत उतरतो तो जंतूंची संख्या घटल्यामुळे. दडलेले जंतू निपटायला वेळ लागतो, आणि तो २८ दिवसांचा धरला जातो. गोळी जेवणानंतर द्यावी आणि वरून घोटभर पाणी पाजावे, कारण अन्ननलिकेत अडकलेली गोळी तिथे जखम करते. मांजरात हा धोका अधिक. दुधातून देऊ नये, दुधातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषले जाते.

रक्त तपासायला सांगितले की खर्च वाढवला अशी कुरकुर होते, म्हणून त्याचेही कारण सांगतो. तीच गोचीड बॅबेसिया नावाचा दुसरा आजार देते. हा परजीवी तांबड्या पेशींत वाढतो आणि त्या फोडतो. कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट पडतात आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. बाहेरून पाहता ताप तोच, सुस्ती तीच, पण औषध वेगळे. एर्लिकियाच्या गोळ्यांनी बॅबेसिया बरा होत नाही, आणि दोन्ही आजार एकाच कुत्र्यात एकाच वेळी असू शकतात. कानाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तांबड्या पेशीच्या आत तो परजीवी काही वेळा डोळ्यांनी दिसतो. दिसला नाही म्हणजे नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. त्यासाठी पुढची तपासणी असते.

उन्हाळ्याकडे वळण्याआधी तापमानाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. माणसाच्या हिशेबाने १०१ म्हणजे ताप. कुत्र्याचे ते रोजचे तापमान आहे. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते आणि ते गुदद्वारातून मोजतात. नाक कोरडे की ओले, यावरून तापाचा अंदाज बांधता येत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड, जालना, बीड या भागांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना येणारा थोडासा घाम सोडला तर अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग धापा टाकणे हाच असतो. जीभ, तोंड आणि श्वासमार्ग यांतल्या ओलाव्याची वाफ होते आणि त्यासोबत उष्णता जाते. हवा कोरडी असेल तर हे नीट चालते. हवा दमट झाली की वाफ होईनाशी होते. इथे आपल्याकडे एक चूक हमखास होते. कुत्र्याला गारवा मिळावा म्हणून खोलीत कूलर लावतात आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडक्या घट्ट बंद करतात. कूलर हवेत पाणी मिसळतो. तासाभरात ती खोली दमट होते आणि कुत्र्याच्या धापा व्यर्थ जाऊ लागतात. कूलर लावावा, पण समोरची खिडकी उघडी ठेवावी. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली बांधलेल्या कुत्र्याची स्थिती याहून वाईट असते, कारण त्याला सावली मिळालेली दिसते, पण तापलेला पत्रा वरून शेकत असतो.

पग, शिह त्झू, बुलडॉग यांची नाके चपटी असल्याने त्यांचा श्वासमार्ग आधीच अरुंद असतो, आणि हस्कीच्या अंगावर बर्फाळ प्रदेशासाठी घडलेली दुहेरी लोकर असते. हौस म्हणून हे कुत्रे मराठवाड्यात आणणे मला पटत नाही. आणलेच तर वातानुकूलित खोलीचा खर्च धरून आणावे. लातूरकडचे कारवान आणि पश्मी हे सडपातळ, लांब पायांचे कुत्रे आपल्या हवेत पिढ्यानपिढ्या वाढलेले आहेत, तरी भर दुपारी साखळीला बांधून ठेवले तर तेही टिकत नाहीत.

ऊन लागलेले कुत्रे ओळखायला कठीण नसते. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल अडखळते, उलटी होते, मग ते कोसळते. अशा वेळी आधी थंड करावे आणि मग गाडीत घालावे. साधे नळाचे पाणी पोट, काखा, जांघा आणि पंजांवर सतत ओतावे आणि पंखा लावावा. बर्फ शोधत गावभर फिरू नये. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, कारण थोड्या वेळात तोच टॉवेल गरम होऊन उष्णता आत कोंडतो. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये; ते फुप्फुसांत जाते. तापमान १०३ च्या आसपास आले की ओतणे थांबवावे, नाहीतर ते प्रमाणापेक्षा खाली जाते. पाणी ओतल्यावर कुत्रे उठून बसते आणि मंडळींना वाटते, आता दवाखाना कशाला. अंगातले तापमान १०६ च्या पुढे गेलेले असेल तर मूत्रपिंड, आतडी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांना झालेली इजा पुढच्या एक ते तीन दिवसांत उघड होते. म्हणून उठून बसलेल्या कुत्र्यालाही आणायचे.

अशा कुत्र्याला घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊन काही उपयोग होत नाही, कारण हा ताप नव्हे, बाहेरून चढलेली उष्णता आहे. मांजराच्या बाबतीत तर ही गोळी सरळ विष आहे. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलचा निचरा ज्या प्रक्रियेने करते, ती मांजरात फार दुबळी असते. उरलेल्या औषधातून तयार होणारे घटक तांबड्या पेशींची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घालवतात, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला लंगडण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देणारेही भेटतात. त्याने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. डायक्लोफेनॅकचा इतिहास तर वेगळाच आहे. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन देशातली गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली, आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तसेच गुरांसाठी किंवा कुत्र्यांसाठी आणलेले पर्मेथ्रिन हे गोचीड मारायचे औषध मांजराला लावू नये; तिला झटके येतात.

आता लसीविषयी. पिल्लू जन्मल्यावर आईच्या पहिल्या चिकातून त्याला तयार प्रतिपिंडे मिळतात आणि सुरुवातीचे काही आठवडे तीच त्याचे रक्षण करतात. अडचण अशी, की ही प्रतिपिंडे खरा विषाणू आणि लसीतला दुबळा केलेला विषाणू यांत फरक करत नाहीत. ती शिल्लक असताना लस दिली तर ती लसीलाच निष्प्रभ करतात, आणि पिल्लाचे शरीर काही शिकत नाही. ती किती आठवड्यांत संपतील, हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक पडतो. कुणाची सात आठवड्यांत ओसरतात, कुणाची चौदा आठवड्यांपर्यंत टिकतात. घरबसल्या हे कळण्याचा मार्ग नसल्यामुळे सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत लस देत राहतात, म्हणजे प्रतिपिंडे कधीही ओसरली तरी त्यानंतरचा एक डोस लागू पडतो. लोक ज्याला सेव्हन-इन-वन म्हणतात, त्या लसीचे तीन डोस सांगतात ते यासाठी. दोन देऊन तिसरा सोडला तर पिल्लू सुरक्षित आहे की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

तिसरा डोस चुकलेल्या पिल्लांना आम्ही पार्वोत पाहतो. १९७८ मध्ये जगासमोर आलेला हा विषाणू आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या वाढत्या पेशी मारतो. उलट्या, रक्तमिश्रित आणि ओळखू येईल अशा दुर्गंधीची हगवण, आणि पाणी कमी होऊन मृत्यू. तो जमिनीवर अनेक महिने जिवंत राहतो आणि आपल्या घरोघरी वापरल्या जाणाऱ्या फिनाइलला दाद देत नाही. फरशी आधी धुऊन, मग ब्लीचिंगचे द्रावण टाकून दहा मिनिटे ओली ठेवावी लागते. मातीच्या अंगणात तेही पुरेसे नसते. त्यामुळे पार्वोने पिल्लू गेलेल्या घरी लगेच दुसरे लहान पिल्लू आणू नये. आणायचेच असेल तर लसीकरण पूर्ण झालेले, थोडे मोठे कुत्रे आणावे.

रेबीजची लस वेगळी असते, ती तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने द्यावी. पिसाळलेले कुत्रे म्हणजे लाळ गाळत धावून येणारे, हे चित्र अपुरे आहे. काही कुत्र्यांत रेबीज मुका असतो. कुत्रे कोपऱ्यात बसते, खालचा जबडा लोंबतो, पाणी गिळता येत नाही, आवाज बदलतो. घरच्यांना वाटते घशात हाड अडकले, आणि कुणीतरी तोंडात हात घालून चाचपते. जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, एवढे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. विषाणूचे बाह्य आवरण साबणाने मोडते. तिखट, चुना, हळद भरू नये. सरकारी रुग्णालयात लस त्याच दिवशी सुरू करावी. चावलेल्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात, कारण विषाणू लाळेत येतो तो लक्षणे दिसण्याच्या काही दिवसच आधी. चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पण या दहा दिवसांची वाट पाहत लस थांबवायची नसते.

शेतात राहणाऱ्या कुत्र्यांत विषबाधा बरीच दिसते. कपाशी-सोयाबीनवर फवारायच्या औषधाची बाटली किंवा उंदरांचे आमिष त्यांच्या तोंडी लागते. लाळ गळणे, बाहुल्या बारीक होणे आणि स्नायू थरथरणे दिसले की कीटकनाशकाचा संशय घ्यावा. मिठाचे पाणी, तेल किंवा ताक पाजू नये. मिठाच्या पाण्याने उलटी होण्याऐवजी रक्तातले सोडियम वाढून कुत्रे मरू शकते. बाटली किंवा पुडी मात्र सोबत आणावी, कारण उतारा विषाप्रमाणे बदलतो. रक्त पातळ करणारे उंदराचे विष खाल्लेले कुत्रे तीन-चार दिवस अगदी ठणठणीत दिसते आणि नंतर आतून रक्तस्राव सुरू होतो, म्हणून खाताना पाहिले असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. झिंक फॉस्फाइडच्या काळ्या पुडीचा प्रकार आणखी वेगळा आहे. त्यातून पोटात विषारी वायू बनतो, आणि कुत्र्याने गाडीत उलटी केली तर माणसांनाही त्रास होतो, तेव्हा काचा उघड्या ठेवून आणावे.

खाण्याबाबत थोडक्यात सांगायचे तर कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट देऊ नये. कांदा शिजवला तरी त्याचा तांबड्या पेशींवरील परिणाम जात नाही, म्हणून रस्सा आणि भजी दोन्ही वर्ज्य. मांजराला नुसत्या दूध-भातावर वाढवू नये. टॉरिन हा घटक तिला मांस-माशांतूनच मिळतो आणि तो नसेल तर तिचे हृदय आणि डोळे खराब होतात. बोका वारंवार लघवीला बसत असेल आणि थेंबही येत नसेल, तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल देऊ नका. त्याची मूत्रनलिका अडलेली असते आणि दोन-तीन दिवसांत तो दगावू शकतो.

दवाखान्यात येताना मोबाइलवर काढलेली चित्रफीत आणावी, विशेषतः झटके, खोकला किंवा लंगडणे असेल तर, कारण टेबलावर आल्यावर कुत्रे भीतीने सारे लपवते. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परततो का, हे घरीच पाहून फोनवर सांगितले तर किती घाई आहे याचा अंदाज आम्हाला बांधता येतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, ज्याला आपण गुरांचा दवाखाना म्हणतो, कुत्र्या-मांजरांवरही उपचार होतात. अवघड रुग्ण परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जातात. तिथे जाताना आधीचे सगळे रिपोर्ट आणि दिलेल्या औषधांची चिठ्ठी न्यावी, कारण प्लेटलेटचा आजचा आकडा ऐंशी हजार असला तर तो चढता आहे की उतरता, हे परवाचा आकडा पाहिल्याशिवाय तिथल्या डॉक्टरांनाही कळत नाही.